हिमबंदीतला रुमाल

डॉ. रेवा सावर्डेकर आपल्या वातबोगद्यात बर्फाऐवजी रांगोळी वापरायची. वातबोगदा म्हणजे एका टोकाने वारा सोडायचा आणि तो वाटेत काय काय करतो ते बघायचं, अशी वीस हात लांब काचेची पेटी. बाहेरगावचे तज्ज्ञ रांगोळी बघून हसायचे. हसू देत बापडे. आमचा कोरडा, भुरभुरीत बर्फ जसा जमिनीलगत घरंगळतो तशीच रांगोळी घरंगळते, हे तिने मोजून सिद्ध केलं होतं आणि मुद्दाम मागवलेली महागडी काचेची भुकटी कपाटात तशीच पडून होती.

सूर्यतळ हे आमचं शहर लडाखच्या पठारावर सौरविजेसाठी वसवलेलं. कोकणातल्या खाडीकाठच्या वाड्या भरतीखाली जायला लागल्या, तेव्हा आम्ही चाळीस हजार माणसं इथे आलो. तेव्हा सांगितलं होतं, इथे ऊन भरपूर, बर्फ नावालाच. पुढे हवामान फिरलं आणि दर जानेवारीत वादळं यायला लागली. पहिल्या वर्षी आम्ही खराट्याने बर्फ झाडत होतो, हे कबूल आहे. आता मात्र बर्फाबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर त्याने आमच्याकडे यावं.

हे कसं झालं, ते सांगायचं तर रेवाच्या वडिलांपासून सुरुवात करावी लागते. दिगंबर सावर्डेकर, सगळ्यांचे अण्णा. एकतीस वर्षं देवरुख आगारात एसटीचे कंडक्टर होते. आता दोन्ही मूत्रपिंडं थकलेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरात ठेवायचं यंत्र त्यांच्या प्रकृतीला मानवेना, म्हणून रुग्णालयात जावंच लागायचं. वस्ती आणि रुग्णालय यांच्यामध्ये उघड्या पठारावरून जाणारा नऊशे मीटरचा एकच रस्ता. वादळात तो बुजला की अण्णांची पाळी चुकायची आणि पाळी चुकली की अंगात पाणी साठायचं. बर्फनांगर, म्हणजे बर्फ बाजूला सारणारी ती आमची अवजड यंत्रं, पुढे रस्ता मोकळा करायची आणि मागे वारा तो पुन्हा भरून टाकायचा.

रेवाची कामातली जोडीदारीण होती हवामानतज्ज्ञ रिगझिन आंगमो. ती इथलीच. मराठी आमच्याकडून शिकली आणि आता आमच्याच बोलण्यातल्या चुका काढते. एके दिवशी दोघींनी बोगद्यात रस्त्याची छोटी प्रतिकृती मांडली होती आणि कडेला खेळण्यातल्या मोटारी लावल्या होत्या. रेवाने वारा सोडला. प्रत्येक मोटारीच्या मागे रांगोळीचा ढीग साचला आणि रस्ता पांढरा झाला.

"वरून पडणाऱ्या बर्फाची मला काळजी नाही," रेवा म्हणाली. "आडवा येतो त्याची आहे. वारा हमालासारखा बर्फ वाहून नेतो. वाटेत काही आडवं आलं की त्याचा जोर जातो आणि तो ओझं तिथेच टाकतो. रस्त्याच्या कडेला उभी असलेली प्रत्येक गाडी त्याला म्हणते, इथे टाक."

"म्हणजे गाड्या हलवल्या की झालं?"

"अर्धंच झालं. वाऱ्याने ओझं रस्त्याच्या आधीच टाकायला हवं. त्यासाठी रस्त्याच्या पश्चिमेला जे मैदान आहे, त्याच्या पलीकडच्या कडेला हिमकुंपण हवं. पण भिंत नको. भिंतीपाशी ढीग लगेच भरतो आणि पुढचा बर्फ डोक्यावरून निघून जातो. कुंपण अर्धं बंद, अर्धं उघडं असलं तर वारा त्यातून गाळला जातो, मंदावतो आणि लांबवर पसरून सगळा बर्फ टाकतो."

नऊशे मीटर कुंपणाचं सामान वर आणायला उन्हाळा उजाडला असता. तोवर काय, तर रेवाने साधी युक्ती काढली. वादळाचा भोंगा वाजला की हिमबंदी, रस्त्यावर एकही गाडी उभी करायची नाही. सगळ्यांनी आपापल्या गाड्या मैदानाच्या पश्चिम कडेला रांगेत लावायच्या आणि एक गाडी, मग एक गाडीभर मोकळी जागा, असं करत जायचं. ज्या गाड्या रस्ता बुजवतात त्यांनीच तो राखायचा. नगरायुक्तांनी टाळी दिली. आम्हालाही हिशोब पटला.

पण आम्ही कोण आहोत ते रेवा विसरली. मोकळी जागा दिसल्यावर त्यात गाडी न घालणारा माणूस आमच्यात जन्माला यायचा आहे. पहिल्या वादळाला भोंगा वाजला, तासाभरात रांग लागली, छान शंभर गाड्या आणि मध्ये शंभर फटी. मग मागाहून आमच्यातलेच एक पेडणेकर आले. एवढी जागा रिकामी बघून त्यांना आश्चर्य वाटलं आणि त्यांनी आपली गाडी आत घातली. त्यांचं बघून दुसऱ्याने घातली. फटीत पिवळे पट्टे मारले होते, ते बर्फाखाली गेले. दंडाची पाटी होती, तिच्या आडोशालाही एक गाडी लागली.

झाली भिंत. दुपारपर्यंत ती भरली आणि दोन दिवस बर्फ तिच्या डोक्यावरून रस्त्यावर येत राहिला. अण्णांची पाळी चुकली. तिसऱ्या दिवशी आठ जणांनी त्यांना दरवाजाच्या फळीवर घालून, कमरेएवढ्या बर्फातून रुग्णालयात नेलं. त्यात पेडणेकर पुढे होते आणि रडत होते. अण्णा थोडक्यात वाचले.

नगरायुक्तांनी मग स्पष्ट सांगितलं. येत्या वादळात रस्ता उघडा राहिला तर ठीक, नाहीतर डायलिसिसच्या सगळ्या रुग्णांना हिवाळाभर चंदीगडला हलवायचं. नातेवाइकांची तिथे सोय होणार नव्हती. आयुक्तांचं काही चुकत नव्हतं, पण रेवाचा जीव अर्धा झाला. आई गेल्यापासून अण्णा तिच्याशिवाय एक दिवस राहिले नव्हते आणि तीही त्यांच्याशिवाय राहिली नव्हती.

फटी राखायला पहारेकरी ठेवावेत, तर वादळात माणूस उभा कसा करणार? लोखंडी खांब ठोकावेत, तर जमीन दगडासारखी गोठलेली. रेवा जेवताना हे सगळं बोलत होती आणि अण्णा बिनमिठाची आमटी ओरपत ऐकत होते.

"बाय," ते म्हणाले, "तू पट्टे मार, दंड लाव, भोंगे वाजव. मोकळी सीट दिसली की माणूस बसणारच. पण सीटवर रुमाल टाकलेला असेल ना, तर तो साखरप्यापर्यंत उभा जाईल, रुमाल उचलणार नाही. एकतीस वर्षं बघितलंय मी."

रेवा म्हणाली, रुमाल वाऱ्यावर उडून जाईल. अण्णा म्हणाले, मग जड रुमाल टाक.

असा खुर्च्यांचा बेत ठरला. आमच्या गणेशोत्सव मंडळाकडे लोखंडी घडीच्या खुर्च्या होत्या, पाठीला आणि बसायला पट्ट्या असलेल्या, दीड हजारांवर. फटीत खुर्ची ठेवायची, खाली दगड बांधायचा आणि पाठीवर घराचं नाव लिहायचं. वादळ रविवारी संध्याकाळी येईल असं रिगझिनचं भाकीत होतं. सकाळी खुर्च्या मांडायच्या, चार वाजता गाड्या आणायच्या. सोमवारी सकाळी नऊला अण्णांची पाळी.

रविवारी सकाळी दहा वाजता रेवा मैदानावर पोचली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. रुमाल टाकायचं म्हटल्यावर एका रुमालावर तीन सीट अडवणारी आमची जात. ज्याने त्याने आपल्या नावाची खुर्ची ठेवली, शेजाऱ्याची ठेवली, ज्याच्याकडे गाडीच नाही अशा मेहुण्याचीही ठेवली. फटी तर भरल्याच, पण गाड्यांच्या जागाही अडवून झाल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत खुर्चीला खुर्ची लागलेली, दोरीने एकमेकींना बांधलेली. मंडळाचा साठा संपला तेव्हा लोकांनी शाळेतली बाकं आणली.

"आता गाड्या कुठे लावणार?" रेवाने विचारलं.

पेडणेकर म्हणाले, गाडी आणली की आपापली खुर्ची उचलू, त्यात काय एवढं. ते जागेची राखण करायला सगळ्यांत आधी आले होते.

तेवढ्यात रिगझिनचा फोन आला. वादळाने चाल बदलली होती, ते तासाभरात येणार होतं. प्रत्यक्षात वीस मिनिटांत आलं. हात पुढे केला तर दिसेना. भोंगा वाजला तो घरात थांबण्याचा. गाड्या जिथल्या तिथे, तळघरांत आणि अंगणांत राहिल्या. मैदानावर एकही गाडी पोचली नाही.

दिवसभर वारा खिडक्या हलवत होता आणि रेवा अण्णांच्या सुजलेल्या घोट्यांकडे बघत होती. कुंपण करायचं ते गाड्यांचं, आणि गाडी एकही नाही. ती हरली होती आणि तिला ते लपवता येईना. अण्णांनी तिला आपली बॅग भरायला सांगितली. चंदीगडला थंडी कमी असते म्हणे, एवढंच बोलले. तिने स्वेटर घड्या घालून बॅगेत ठेवले आणि मग ती बॅगेवरच डोकं टेकून रडली.

सोमवारी उजाडता वारा पडला. रेवा आणि रिगझिन फावडी घेऊन निघाल्या, निदान फळी नेण्यापुरती वाट करावी म्हणून. वळणावर येऊन दोघी थांबल्या. समोर रस्ता होता. काळा, डांबराचा, या टोकापासून रुग्णालयाच्या फाटकापर्यंत. त्यावर बोटभर भुरभुर होती, ती नांगराच्या एका फेरीत निघाली असती.

मैदान मात्र ओळखू येत नव्हतं. पश्चिम कडेला खुर्च्यांच्या पाठींची टोकं तेवढी बर्फातून वर दिसत होती आणि तिथून अलीकडे तीसेक मीटरपर्यंत बर्फ उतरता पसरला होता. रस्त्याच्या आधीच तो संपला होता.

रेवाने एका खुर्चीभोवतीचा बर्फ फावड्याने काढला आणि ती गुडघ्यांवर बसली. पाठीला पट्टी, मग फट, मग पट्टी. बसायलाही तसंच. मोजलं तर अर्धं बंद, अर्धं उघडं. शिवाय खाली चार पाय, म्हणजे तळातून वारा वाहता राहतो आणि कुंपण स्वतःच्याच बर्फात लवकर बुडत नाही. जे कुंपण ती रांगोळी उधळून दोन वर्षं शोधत होती, ते दर भाद्रपदात मांडवात मांडलं जात होतं आणि तिने त्यावर बसून आरत्या म्हटल्या होत्या.

"गाडी ठोकळाच आहे," रिगझिन हळूच म्हणाली. "गाड्या वेळेवर पोचल्या असत्या तर खुर्च्या उचलल्या असत्या. मग एवढा बर्फ थांबला नसता."

"दोन बोटं वर राहिल्यात फक्त," रेवा म्हणाली. "एका मेहुण्याची जरी खुर्ची कमी असती ना, तर तिथून बर्फ रस्त्यावर आला असता."

नऊला पाच मिनिटं असताना अण्णा गाडीतून रुग्णालयात उतरले, स्वतःच्या पायांवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. कुणी ओरडलं नाही, पण प्रत्येकाची मान ताठ होती आणि माझीही होती, ते का लपवू?

आता सूर्यतळात हिमबंदी लागली की रस्त्यावर गाडी नाही आणि मैदानावरही नाही. तिथे फक्त खुर्च्या बसतात. शेजारच्या तीन देशांतून लोक ते बघून गेले, त्यांनीही तशा खुर्च्या नेल्या. हिमकुंपणाच्या अहवालावर रेवाने स्वतःचं नाव दुसरं घातलं. पहिल्या ओळीत लिहिलं, 'संकल्पना : दि. सावर्डेकर, वाहक (निवृत्त), देवरुख आगार.'

त्या सोमवारी अण्णांना हे पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. ते आत गेले तेव्हा डायलिसिसच्या बाकीच्या सगळ्या खाटा भरल्या होत्या आणि खिडकीजवळच्या त्यांच्या नेहमीच्या खाटेवर परिचारिकेने निळ्या काठाचा एक रुमाल टाकून ठेवला होता. अण्णांनी तो उचलला, नीट घडी करून तिला परत दिला आणि आडवे झाले. नळ्या जोडून झाल्या, यंत्र सुरू व्हायचं होतं. त्यांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं.

"डबल बेल," ते म्हणाले. "जाऊ दे गाडी."