सिवारच्या बॅगेतली पुरचुंडी

"हात काढ."

सिवारने हे इतक्या थंडपणे म्हटलं की बॅग उचलणारा तो हात जागीच थबकला. तिबिलिसीच्या विमानतळावर सामानाचा पट्टा फिरत होता, बाहेर काचेवर तिरपा पाऊस कोसळत होता, आणि तिच्या हिरव्या बॅगेच्या मुठीवर ओबैदाची बोटं होती.

"मदत करत होतो," तो म्हणाला.

"मी मागितली होती?"

"नाही, पण... जड आहे ना."

"जड आहे हे तुला कसं माहीत?"

ओबैदाने कान खाजवला. कान खाजवण्याजोगे मोठेच होते त्याचे. "सकाळी बसमध्ये मीच चढवली होती."

सिवारचा स्वभावच तसा. दुधाने तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी ताक फुंकून प्यायची सवय. आणि या मुलाचं आज सकाळपासून काहीतरी बिनसलेलं होतं खरं. गेल्या वर्षी अकाबाहून त्यांच्या करक गावातल्या शाळेत आला, पण तुकडी वेगळी, त्यामुळे कधी बोलणं नाही. आज मात्र सहलीला निघताना शाळेच्या फाटकाशी सगळ्यांच्या बॅगा बसच्या पोटात भिरकावणाऱ्या या पठ्ठ्याने तिची बॅग तेवढी अंड्यांची टोपली असावी तशी ठेवली होती. विमानातही दोनदा मान वळवून बघून झालं होतं. का? उगाच कुणी कुणाच्या बॅगेवर एवढी माया करत नाही.

"यापुढे माझ्या सामानापासून लांब राहा," ती म्हणाली आणि बॅग ओढत निघाली.

आणि दारापाशी तो कुत्रा बसला.

कस्टमचा कुत्रा होता. बाकी बॅगांना नुसतं नाक लावून पुढे गेला, सिवारच्या बॅगेसमोर मात्र मांडी ठोकून बसला. लाळ गाळत. एका मिशीवाल्या अधिकाऱ्याने बोट वाकवून तिला बाजूला बोलावलं. करकच्या साऱ्या मुलामुलींची रांग थांबली. त्यांना घेऊन आलेल्या मिस इन्साफ धावत आल्या. गळ्यातल्या साखळीतली किल्ली काढून सिवारने कुलूप उघडलं. कपड्यांखाली, अगदी तळाशी, मलमलीची एक पुरचुंडी. आत दगडासारखे कडक, पांढरे शुभ्र गोळे.

अधिकाऱ्याच्या मिशा ताठ झाल्या. "हे काय?"

करकच्या पोराला हे विचारायची गरज नाही. जमीद! मेंढीच्या दह्याचे उन्हात वाळवलेले गोळे, मन्सफ या मटण-भाताच्या रश्शाचा जीव. पण ते इथे आलं कसं? सिवारच्या डोळ्यांसमोर बाबा उभे होते. "कुणाची वस्तू न्यायची नाही, आणि तुझ्याबद्दल शाळेतून एक फोन जरी आला, तर इर्बिदच्या विद्यापीठाचं नाव काढायचं नाही. इथलं विद्यापीठ अंगणातच आहे." इर्बिदसाठी तिने दोन वर्षं घरात भांडण मांडलं होतं. ही सहल म्हणजे तिची परीक्षाच होती, आणि पहिल्याच दारात ती नापास होत होती.

"माझं आहे ते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ओबैदा पुढे आला होता.

"तुझं?" मिस इन्साफ किंचाळल्या. "मुलीच्या बॅगेत?"

"माझ्या बॅगेत जागा नव्हती, मिस. मी... ठेवलं." मग अधिकाऱ्याकडे वळून तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "साहेब, हे खायचं असतं. गरम पाणी द्या, दाखवतो."

त्याने गोळा टेबलाच्या कडेवर आपटून तुकडा पाडला, चहाच्या कपातल्या गरम पाण्यात विरघळवला, घटाघटा प्यायला आणि उरलेला कप पुढे केला. अधिकाऱ्याने वास घेतला, ओठ लावले, डोळे बारीक केले... आणि चक्क आणखी एक घोट घेतला. तेव्हा कुठे सगळ्यांचा श्वास सुटला. जमीद मात्र जप्त झालं. नियम म्हणजे नियम.

मिस इन्साफचाही नियम होता. "परवा बर्फाच्या डोंगरावर जायचं विसर! त्या दिवशी तू हॉटेलात बसायचं. आणि तुझ्या घरी मी आत्ताच फोन लावते. मुलीची बॅग उघडतो म्हणजे काय!"

ओबैदाचा चेहरा पडला. त्याने हे हिशेबात धरलं नव्हतं, स्पष्ट दिसत होतं. तरी त्याने शब्द मागे घेतला नाही.

सिवार संतापाने धुमसत होती. याने माझ्या कपड्यांत हात घातला! पण हॉटेलात पोचेपर्यंत संतापाच्या जागी संशय आला, आणि संशय आला की तिला झोप कुठली. दुसऱ्या दिवशी जुन्या गावातल्या दगडी उतारावर, रिमझिमत्या पावसात, तिने त्याला गाठलंच.

"बॅग उघडलीस कशी?"

"उघडीच होती."

"कुलूप होतं."

"...नीट लागलं नव्हतं."

"मी तीनदा ओढून बघते."

ओबैदाचा हात कानाकडे गेला. "तू पोलिसात का जात नाहीस? छान जमेल."

"विषय बदलू नकोस. कुणाशी पैज लावलीस? की उपकार करून नंतर वसूल करायचे आहेत?"

"करायचे तर आहेत," तो हसला. पावसाचे थेंब त्याच्या पापण्यांवर अडकले होते. "छत्रीत घे. भिजतोय मी."

"भीज," ती म्हणाली. पण पुढची वीस पावलं छत्री का कुणास ठाऊक, थोडी त्याच्या बाजूला कलली होती. लक्षात आल्यावर तिने ती झटकन सरळ केली. या मुलापासून सावध राहिलं पाहिजे, तिने स्वतःला बजावलं. हसतो फार.

त्याच संध्याकाळी आईचा आवाज फोनवर आला, रेकॉर्ड करून पाठवलेला, कुजबुजता. "अगं सिवार, मावशीचा सैफ जमीद घ्यायला हॉटेलवर आला का गं? मावशी सारखी विचारतेय. लेकरू तिथे डॉक्टर होतंय, पण मन्सफवाचून वाळलंय म्हणे. जमीद तळाशी ठेवलंय, माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीने उघडली होती बॅग. तू फाटकाशी बाबांचा निरोप घेत होतीस ना, तेव्हा. तो मोठ्या कानांचा मुलगा बघत होता, त्याला मूठभर खजूर भरलेले मामूल दिले आणि म्हटलं, तोंड उघडलंस तर बघ! गुणी आहे हो पोरगा. बाबांना कळू देऊ नकोस."

सिवारने तो निरोप पुन्हा ऐकला. मग पलंगाच्या कडेवर बसून राहिली. तिला लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, ज्याला नाव द्यायला ती तयार नव्हती. गप्प राहिली तर बर्फ तिचा, इर्बिदही तिचं. आणि त्या मुलाच्या माथी कायमचा डाग, की हा मुलींच्या बॅगा उघडतो. करकसारख्या गावात असा डाग लग्नापर्यंत पुसला जात नाही.

सकाळी बस दारात उभी होती. सगळे टोप्या-मोजे चढवून किलबिलत होते. सिवार मिस इन्साफसमोर जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

मिसनी बसच्या ड्रायव्हरला थांबायची खूण केली. "मला तुझ्या वडिलांना फोन करावा लागेल, ठाऊक आहे ना?"

"मीच करते, मिस."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. सिवारला वाटलं, संपलं.

"तुझ्या आईशी मी नंतर बोलतो," ते शेवटी म्हणाले. "मी म्हटलं होतं, तक्रार येता कामा नये. ही कुणी केली?"

"मीच, बाबा."

"मग ती तक्रार नव्हे." घसा खाकरल्याचा आवाज आला. "इर्बिदला जा. पण कुलूप दुसरं घे."

सिवारच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मिस इन्साफनी रुमाल दिला, पण नावाला जागायचं सोडलं नाही. ओबैदाच्या घरी आजच फोन करून खरं काय ते सांगीन, म्हणाल्या, पण तो अधिकाऱ्याशी खोटं बोलला तो बोललाच. तो हॉटेलातच राहील. "तू चल, बस सुटतेय."

"मी पण थांबते, मिस," सिवार म्हणाली. "जमीद माझ्या बॅगेत होतं."

बस गेली. खाली दिवाणखान्यात ओबैदा एकटाच चहाचा कप घेऊन बसला होता. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या एक मिस स्वेटर विणत पहारा देत होत्या. सिवार तावातावाने आली आणि उभीच राहिली.

"आईने तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. खोटं बोलायला नव्हतं सांगितलं. का बोललास?"

"मामूल फार छान होते."

"ओबैदा!"

त्याने कप खाली ठेवला. "त्या दिवशी बसमध्ये तू मैत्रिणीला सांगत होतीस... एक फोन गेला तर इर्बिद बंद. मी मागच्या सीटवर होतो."

"म्हणजे चोरून ऐकत होतास!" तिची भुवई वर गेली. "मला वाटलंच होतं. काहीतरी होतंच तुझं."

"होतं," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "आहे. वर्षभर ऐकतोय, सिवार. मधल्या सुट्टीत, जिन्यावर, फाटकाशी... तू भांडतेस तेव्हा तर जास्तच. झालं? आता कर संशय."

सिवारने खिडकीबाहेर पाहिलं, विणणाऱ्या मिसकडे पाहिलं, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

"यापुढे चोरून ऐकायचं नाही," ती शेवटी म्हणाली.

ओबैदाची मान खाली गेली. "नाही ऐकणार."

सिवारने त्याच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"समोर बसून ऐक."