माणसाचा आवाज जाईपर्यंत

मांद्र्याच्या गिऱ्हाइकाला गाडी पसंत होती. अट एकच होती, डिकीतल्या स्पीकरचा आवाज नीट करून द्यायचा. त्याला पर्यटक फिरवायचे होते आणि या गाडीत गाणे लावले की गाणे ऐकूच येत नव्हते, नुसते घुमत होते.

म्हणून शनिवारी सकाळी कमलाक्षी बाबांची पांढरी गाडी घेऊन डिचोलीला कृष्णनाथच्या दुकानापुढे आली. कृष्णनाथ पूर्वी खनिजाच्या ट्रकांची वायरिंग करायचा. खाणी बंद होऊन वर्ष उलटल्यावर त्याने मोटारींचे स्पीकर बसवायला घेतले होते. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत ट्रक ओळीने उभे होते, चाकांत गवत वाढलेले. पूर्वी या रस्त्यावर दोन माणसांना बोलायचे तर दुकानात शिरावे लागे.

"बाय, हेची एक रीत आसा," डिकी उघडत कृष्णनाथ म्हणाला. "दारांतले स्पीकर बंद करूचे. फक्त ह्यो मागचो डबो वाजूक देवचो. मगे ह्या बटन फिरवत खाली आणूचा. माणसाचो आवाज गेलो की थांबायचा."

त्याने एक पुरुषी आवाजातले भजन लावले आणि पेचकसाने बटण फिरवू लागला. आधी टाळ गेले. मग शब्दांच्या कडा गेल्या. मग गाणाऱ्याचा गळाच गेला आणि उरला तो पखवाजाचा खालचा ठोका. बटणाचा काटा ऐंशी हर्ट्झवर होता.

"हयसर थांबतंत सगळी. तुझ्या बापाशीन माका कधी थांबूक दिला नाय. पार तळाक नी म्हणायचो. पन्नासार. थंय काय उरता? भुयेचो थरथराट."

कमलाक्षीला नवल वाटले नाही. तिच्या बाबांनी, भिकाजींनी, तीस वर्षे खाणीवरच्या क्रशरजवळ काढली होती. त्यांच्या कानांतून आधी पाखरे गेली, मग फोनची घंटी, मग बायकांचे आवाज. तिचा आवाज आईसारखा बारीक. शेवटची सहा वर्षे ती म्हापशाहून रविवारी यायची आणि जे सांगायचे ते चिठ्ठीवर लिहायची. पुढे चिठ्ठ्याही जुजबी झाल्या. 'गोळ्या घेतल्या?' 'गॅस भरला.'

"दादा गाडीत बसायचो तासभर," कृष्णनाथ सांगत होता. "आणि बोलायचो. मी म्हटला, बहिरो माणूस डिकीवांगडा गजाली करता."

"फोनवर असतील."

"फोन खंय होतो त्यांच्याकडे? मी इचारलंय, दादा, कोणाकडे बोलतास? तर म्हणता, हयसर बाय नीट ऐकाक येता."

बाबा तिलाच बाय म्हणत. या दुकानात ती आज पहिल्यांदा येत होती.

"काय बोलायचे?"

कृष्णनाथ हसला. "आता सगळा खंय ध्यानात? गेल्या गणेशचवथीच्या आधीची गजाल. एकदा दादा म्हणालो, नाय गो बाय, कळाक सुद्धा नाय. मगे म्हणालो, दी, त्या मांद्र्याच्या माणसाक दी. आणि शेवटाक म्हणालो, आसा गो जागा, ये, बस. असा म्हणान वाकलो आणि बाजूच्या सीटीचा दार उघडून तसोच बसलो. माझी येवची-जावची वाट अडली. मी बोललंय त्यांका."

मांद्र्याचा माणूस. बाबांनी तेव्हाच कुणाला विचारून ठेवले असेल, असे तिच्या मनात आले. या गिऱ्हाइकाचा फोन मात्र गेल्या रविवारी आला होता.

"एकदा त्यांच्यासारखं लाव," ती म्हणाली. "मग ऐंशीवर ठेव."

कृष्णनाथने काटा तळाला नेला, गाणे काढून घेतले आणि चहा सांगायला पलीकडे गेला.

ती बाबांच्या जागेवर बसली. इब्रामपूरच्या रस्त्याकडेला, फणसाच्या सावलीत, याच जागेवर ते सापडले होते. पट्टा लावलेला, हात मांडीवर. डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी गेले. डॉक्टर सगळ्यांनाच तसे सांगतात. अडीच महिने तिला एवढेच हवे होते, कुणीतरी खरे सांगावे.

पाठीला काहीतरी जाणवले. सीट थरथरत होती, लांबून भरलेला ट्रक यावा तशी. तिने रस्त्याकडे पाहिले. ट्रक गवतात उभे होते. गाणे बंद होते.

थरथर थांबली. ऐकणारा थांबतो तशी.

"बाबा, त्रास झाला काय हो?" तिने विचारले. चिठ्ठीवर नव्हे, तोंडाने. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

सीट थरथरली. थोडी, मग जराशी थांबून आणखी थोडी. शब्द नव्हते. पण एका छोट्या वाक्याला लागतो तेवढाच वेळ लागला, आणि शेवटाला ते वाक्य खाली उतरले.

तिला बरे वाटले. का, हे तिने तपासले नाही. घरातले नेहमीचे विचारावे तसे ती म्हणाली, "गाडी मग त्या मांद्र्याच्या माणसाला देऊ?"

लगेच उत्तर आले. एक तुकडा, मग लांब तुकडा, शेवटी पुन्हा पहिल्यासारखाच तुकडा.

दी. त्या मांद्र्याच्या माणसाक. दी.

तिने पहिले उत्तर मनात मोजून पाहिले. नाय गो बाय, कळाक सुद्धा नाय. तेही लांबीला जुळत होते. तिने आज विचारले होते. त्यांनी चवथीच्या आधी सांगितले होते.

एक उत्तर उरले होते. आसा गो जागा, ये, बस.

त्याचा प्रश्न तिला ठाऊक होता. फणसाखालून त्यांना घरी आणले तेव्हापासून तो तिच्या तोंडात होता. मी येऊन बसू तुमच्याजवळ?

तिने ओठ घट्ट मिटले.

सीट थरथरली नाही. वाट पाहत असल्यासारखी स्तब्ध राहिली. कमलाक्षीने समोरच्या काचेतून नजर हलवली नाही आणि मनातही काही म्हणायचे नाही असे ठरवले. पण मनाला ओठ नसतात.

पेले घेऊन कृष्णनाथ परत आला. गाडीच्या डाव्या अंगाला येऊन तो अडखळला आणि चहा सांडू नये म्हणून अंग चोरून उभा राहिला.

"बाय," तो म्हणाला, "ता बाजूचा दार ओढून घे गो. वाट अडता."