मुलुंडातली एक जागा

मुलुंड स्टेशनाबाहेर एकच टांगा उभा होता आणि त्यात एक माणूस आधीच बसलेला होता.

"या ना," तो अंग चोरून सरकला. "दुसरा टांगा आता तासाभराने. एवढ्या उन्हात ट्रंक घेऊन किती चालाल?"

मी घुटमळले. आठ वर्षांनी गावात पाऊल ठेवत होते आणि पहिल्याच पावलाला अनोळखी पुरुषाशेजारी... पण मे महिन्याचं ऊन डोक्यात शिरत होतं. मी चढले, ट्रंक मधे ठेवली आणि टांगेवाल्याला आईच्या मैत्रिणीचा, जानकीकाकूंचा पत्ता सांगितला. त्याने मान वळवून माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"गुप्तेमास्तरांची मिनी ना तू? अगं, मी धोंडू! तुला शाळेत सोडायचो. हनुवटी बघ, अगदी मास्तरांची!"

माझा हात आपसूक हनुवटीकडे गेला. शेजारचा माणूस मात्र ताडकन सरळ झाला आणि त्याचं डोकं टांग्याच्या टपाला आपटलं.

"मिनी? म्हणजे — ओट्यावर आम्हाला गूळपाणी आणून देणारी?"

"तुम्ही कोण?"

"विद्याधर सामंत. मास्तरांकडे गणित शिकायला यायचो. तुम्ही मला उंट म्हणायचात."

मी त्याच्या लांबलचक पायांकडे पाहिलं आणि मला हसू आवरेना. "तेव्हा लहान होते हो मी."

"लहान होतात, पण नजर बरोबर होती. मृणालिनीताई, इतक्या वर्षांनी इकडे कशा—"

"ताई कशाला?" मी म्हटलं. जरा घाईनेच म्हटलं असावं, कारण धोंडूकाका घोड्याच्या पाठीकडे बघत खुदकन हसले.

कशासाठी आले ते मी सांगितलं नाही. बाबा गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आई मला घेऊन नागपूरला मामाकडे गेली. तिथे तिला कुणी वाकडा शब्द बोललं नाही, पण आठ वर्षांत ती एकदाही मोठ्याने हसलेली मी ऐकली नव्हती. "आमच्या मुलुंडला ना..." एवढं म्हणून ती थांबायची आणि पोळ्या लाटायला लागायची. यंदा मी बी.टी. ही शिक्षकांची परीक्षा पास झाले आणि पेपरात जाहिरात आली — बाबांच्याच शाळेत गणिताच्या शिक्षकाची एक कायम जागा. मुलाखत उद्या दहाला. "होईपर्यंत कुणापाशी बोलू नकोस, दृष्ट लागते," आईने बजावलं होतं. जागा मिळाली तर आई परत येणार होती. नाही मिळाली तर... त्याच्या पुढचं मी मनात येऊच देत नव्हते.

संध्याकाळी विद्याधर काकूंच्या दारात उभा. "जुनं घर बघायचंय का? तिथली माणसं ओळखीची आहेत माझ्या."

आमच्या घरात आता एक सिंधी कुटुंब राहत होतं. बाईंनी हसून आत बोलावलं, हातात पापड दिला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर अजून तसाच दिसत होता, करवंदीच्या जाळ्यांनी काळा-हिरवा. दिवाळीत पेणहून आत्या, काका, चुलत भावंडं यायची. दोन खोल्यांत अठरा माणसं झोपायची आणि बाबा पहाटे सगळ्यांच्या अंगावरून उड्या मारत पाणी तापवायला जायचे. एकदा ते आत्याच्या पायावर पडले होते आणि घरभर हशा उसळला होता... मी खिडकीचा गज घट्ट धरला.

 बाहेर आल्यावर विद्याधर हळूच म्हणाला, "पदराला पापड लागलाय."

"तुम्ही तेच बघत होतात?"

"नाही... पण दुसरं काय बघत होतो ते सांगितलं तर तुम्ही पुन्हा उंट म्हणाल."

माझे कान तापले. विषय बदलायला म्हणून विचारलं, "तुम्ही हल्ली काय करता?"

"लोंबकळतोय. कुठे टेकतो ते उद्या कळेल." त्याचा चेहरा एकदम उतरला. पुढे विचारलं असतं तर त्यानेही मला विचारलं असतं. मी काकूंच्या घराकडे वळले.

रात्री झोप लागली नाही. सकाळी पावणेदहाला शाळेच्या व्हरांड्यात गेले, तर बाकावर इस्त्रीच्या शर्टात विद्याधर.

"तुम्ही?"

"तुम्ही?"

दोघांच्याही हातात सर्टिफिकिटांची सारखीच पुठ्ठ्याची फाईल. तो हसायला गेला, पण ते हसू ओठांवर आलंच नाही. तेवढ्यात शिपायाने माझं नाव पुकारलं.

आत काय विचारलं, मी काय बोलले, निम्मं आठवत नाही. फळ्यावर प्रमेय सिद्ध करताना पहिली ओळ पुसून पुन्हा लिहिली, मग खडू सरळ चालला. बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता.

"सामंतसर गेले," शिपाई दत्ताराम म्हणाला. "तब्येत बरी नाय म्हणाले. काय कळत नाय बुवा! दोन वर्षं टेंपरवारी राबले, त्यांचीच जागा आता कायम होतेय, आणि आजच..."

 मी त्याचीच जागा घ्यायला आले होते. आणि तो ती माझ्यासाठी सोडून निघून गेला होता.

दत्तारामकडून पत्ता घेऊन त्याच्या घरी गेले, तर त्याची आई दारातच भेटली. "मास्तरांचा चेडू मगो तू?" मास्तरांच्या मुलीला ओळखून तिने माझा हात धरला. "तो थंय मिठागराच्या बांधार बसलोहा. काय झाला त्याका, तूच इचार."

बांधावर वारा खारट होता. मिठाचे ढीग उन्हात असे चमकत होते की डोळे उघडे ठेववेनात. तो पाय सोडून बसला होता.

"उठा!" मी म्हटलं.

"मृणालिनी, मास्तर नसते तर मी मॅट्रिकसुद्धा झालो नसतो. त्यांच्या मुलीसमोर मी—"

"बाबांनी कधी कुणाला गणित न सोडवता मार्क दिलेत?"

त्याने नजर मिठाच्या ढिगाकडे वळवली.

"दिलेत का?"

"नाही."

"मग मला का देताय? तुम्ही नसताना मिळालेली जागा मला जन्मभर टोचेल. आईला काय सांगू — एक भला माणूस बाजूला झाला म्हणून आपण घरी आलो?"

"आणि मला मिळाली तर?"

माझा आवाज बारीक झाला. "तर मी रडेन. खूप रडेन. पण चला."

तो उठला. मुख्याध्यापकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण चार वाजता त्याला आत घेतलं. दत्तारामने मला चहा आणून दिला आणि मी तो न पिता गार होऊ दिला.

साडेपाचला मुख्याध्यापक स्वतः बाहेर आले. "मिस गुप्ते," ते म्हणाले, "दहा जूनला रुजू व्हा. सामंत, फार थोडक्यात गेलं हो तुमचं."

मला नीट ऐकूही आलं नाही. मी विद्याधरकडे पाहिलं. "अभिनंदन," तो म्हणाला, अगदी नीट, अगदी सभ्यपणे. आणि फाटकातून झपाझप निघून गेला.

आईला तार केली. काकूंनी साखर तोंडात घातली, ती कडू लागली. संध्याकाळभर मी दाराकडे बघत होते. पावलं वाजली की उठायचे — दूधवाला, शेजारच्या बाई, पुन्हा कुणीच नाही. मीच हट्टाने त्याला ओढून नेलं होतं. आता त्याने माझं तोंड तरी का बघावं?

दुसऱ्या दिवशी नागपूरला परतायचं होतं. सकाळी साडेनऊला मी प्लॅटफॉर्मवर उभी होते. इंडिकेटरवर दादरची गाडी लागली आणि जिन्यावरून धावत तो आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"खोटं नाही बोलणार," तो धापा टाकत म्हणाला. "मला वाईट वाटलं. फार. काल संध्याकाळी तुला भेटलो असतो तर हसायचं नाटक करावं लागलं असतं, आणि ते मला तुझ्यासमोर करायचं नव्हतं."

तू! तो तू म्हणाला होता आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"आता?" मी विचारलं.

"अजूनही वाटतंय. पण पहाटे उठलो तर पहिला विचार आला, जूनपासून तू इथेच राहणार. त्या आनंदाने मीच दचकलो. आता ठाण्याच्या एका शाळेत अर्ज टाकतोय. तिथे मिळेल, न मिळेल... पण तुला आणि आईंना आणायला मी स्टेशनवर आलो तर चालेल?"

"कुठल्या नात्याने?"

त्याने घाईघाईने माझी ट्रंक उचलली. रूळ खणखणले. गाडी आली, थांबली. माझी ट्रंक त्याच्या हातात होती आणि तो ती देत नव्हता, मीही मागत नव्हते. गाडीने भोंगा दिला आणि ती हलली.

"अरे — तुझी गाडी!" तो घाबरला.

"दादरहून नागपूरची मेल दुपारची आहे रे. पुढची लोकल केव्हा?"

"वीस... वीस मिनिटांनी."

मी बाकावर बसले, पदर सावरला आणि शेजारची जागा हाताने पुसली.

"मग बस," मी म्हटलं. "आणि घाबरू नकोस. सावकाश सांग."