निर्विरह

मालक बाहेर पडल्यावर रडणारं कुत्रं अख्ख्या टॉवरमध्ये आता एकच उरलं होतं, आणि ते नेमकं शर्वाणीचं होतं. बाकीच्या सगळ्यांना ‘निर्विरह’ची सुई टोचून झाली होती. तिची गोटी म्हणजे ओंजळीत मावेल एवढी पॉमेरेनियन. पण शर्वाणी ऑफिसला निघाली की ती घर डोक्यावर घ्यायची. पार खालच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळायचं. घरात शर्वाणीचे वडील, नाना, असायचे. पण गोटी त्यांना कुठली जुमानायला! शेवटी सोसायटीनं बजावलं, सुई टोचा नाहीतर कुत्रं हलवा.

शर्वाणी गोटीला पोटाशी धरून डॉ. पाठारेंसमोर बसली. निर्विरह या बाईंनीच शोधून काढलं होतं.

“एवढीशी ही, आणि एवढी का हो रडते?”

“एवढीशी आहे म्हणूनच. मोठ्या कुत्र्यांना राखण होती, शिकार होती. या चिमुकल्या जाती माणसानं मांडीवर बसायलाच घडवल्या. मांडीच ऑफिसला गेली, तर हिनं करायचं काय? मेंदूत पेशींचा एक पुंजका असतो. आपलं माणूस दिसेनासं झालं की तो ठणकायला लागतो. आम्ही त्याला झोपवतो, एवढंच.”

“मला विसरेल?”

“छे! ओळखेल, हाक मारलीत की येईल. फक्त तुम्ही नसलात तर तिला काही वाटणार नाही.”

“आणि मी परत आल्यावर?”

“दारात नाचतात ना, तो वाट पाहिल्याचा आनंद असतो. वाटच पाहिली नाही, तर...”

“पुंजका पुन्हा जागा करता येतो?”

“अजून तरी नाही.”

शर्वाणीला उठून जावंसं वाटलं. पण गोटीला परक्या घरी सोडायचं तिच्यानं होईना. तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती धावतपळत घरी आली. सोफ्यावरच्या गोटीनं डोकं वर केलं, तिच्याकडे बघितलं, जांभई दिली आणि पुन्हा डोळे मिटले. शर्वाणी चपलांसकट मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. आपल्या हातानं हे काय करून बसलो आपण!

“दिवसभर हूं नाही की चूं नाही,” नाना म्हणाले. गुडघे चोळत त्यांनी विचारलं, “शर्वे, ती सुई माणसांना देतात का गं?”

“काहीतरीच काय, नाना!”

“काहीतरीच नाही. तू गेलीस की तिला गप्प करण्यात माझा दिवस जायचा. खरं सांगू? माझ्या वाटचंही तीच रडून घ्यायची. आज ती झोपली आणि मी एकटाच दाराकडे बघत बसलो. घर नुसतं खायला उठलं होतं गं.”

शर्वाणीनं त्यांचा हात घट्ट धरला. नोकरी सोडावी, यांच्याजवळ बसून राहावं, असं काहीबाही तिला वाटून गेलं. पण त्याच्याही आधी तिच्या मनात आलं होतं, की सुई टोचली तर नानांचे ऑफिसात सारखे येणारे फोन थांबतील.

“विचारून बघते,” ती म्हणाली.

“विचारच,” नाना घाईघाईनं म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम हलका झाला होता. “मग तुला उशीर झाला तरी चालेल. नाही आलीस तरी चालेल.”