ब्रिनला बोलायचंय

अर्नॉल्ड थ्रेलफॉलचा जन्म टीव्हीवर फुटबॉलचं समालोचन करण्यात गेला, आणि त्यातली निम्मी वर्षं त्याच्या उजव्या हाताला ब्रिन प्रॉसर बसला. ब्रिन वेल्सचा, जुना गोलकीपर, अंगाने कपाटासारखा. दोघांत मायक्रोफोन एकच, ओठांना टेकवून बोलायचा. ब्रिनला काही सुचलं की तो अर्नॉल्डचं कोपर दोन बोटांनी दाबायचा. मग अर्नॉल्ड वाक्य आवरतं घेऊन मायक्रोफोन उजवीकडे सरकवायचा. दर वेळी नाही, हेही खरं. चेंडू गोलच्या तोंडाशी आला की अर्नॉल्डला कोपर नसायचंच.

"घरी नेरिस बोलू देत नाही, इथे तू," ब्रिन बायकोचं नाव घेऊन म्हणायचा. "मी आता मेंढ्यांशी बोलतो."

उन्हाळ्यात ब्रिन झोपेतच गेला.

नव्या मोसमात जॅनेल आली. इंग्लंडकडून खेळलेली, चुणचुणीत. ती डावीकडे बसे, तिचा मायक्रोफोन वेगळा. उजवीकडच्या खुर्चीवर तिची पिशवी.

पहिल्याच सामन्यात, कॉर्नर किकच्या वेळी, अर्नॉल्डच्या उजव्या कोपराला दोन बोटं लागली. सवयीने तो थांबला, मायक्रोफोन सरकवला. मैदानाच्या वर, समालोचकांच्या पत्र्याच्या मचाणावर नुसता खालचा गलका राहिला.

जॅनेलने समालोचन सावरून घेतलं आणि मध्यंतरात विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"तूच कोपर दाबलंस ना?"

"मी? माझे दोन्ही हात चहाच्या पेल्याला होते. गारठलेय मी."

निर्माती मॉइरा खाली प्रक्षेपणाच्या गाडीत बसून सगळं ऐकत असे. तिने त्याला गाठलं. "लोकांना वाटलं टीव्ही बिघडला. कपचा अंतिम सामना तुला आयुष्यात पहिल्यांदा मिळतोय, अर्नॉल्ड. वरचे आधीच म्हणतात, म्हातारा थकला. पुन्हा असा गप्प झालास तर मी भांडणार नाही तुझ्यासाठी."

डॉक्टरांनी नस दबल्याचं सांगितलं. अर्नॉल्डला ते पटलं. कोपराला पट्टा बांधून तो पुढच्या शनिवारी मचाणावर चढला. बोटं पट्ट्यावरून लागली. तो बोलत राहिला. पुन्हा लागली. तो बोलतच राहिला.

रविवारी नेरिसचा फोन आला.

"रागावू नकोस, पण काल त्याला बोलू का दिलं नाहीस?"

"कोणाला, नेरिस?"

"आधीच्या वेळी कॉर्नरबद्दल किती छान बोलला. काल तोंड उघडलं की तू वरचढ."

"जुनी टेप लावली असशील गं."

"टेप कसली? त्या मुलीच्या हिरव्या टोपीची थट्टा करत होता. आजीने मोजे उसवून विणली म्हणे."

अर्नॉल्डने जॅनेलची टोपी आठवून पाहिली. टोपी हिरवीच होती. मचाणावर कॅमेरा नव्हता.

उपांत्य सामना पावसात झाला. बरोबरी. खेळ संपत आलेला, चेंडू गोलच्या तोंडाशी, पायांची नुसती गर्दी. अर्नॉल्डचा आवाज चढत गेला.

कोपराला बोटं लागली.

हलकेच. हट्ट नव्हता त्यात.

या घडीला त्याने कधीच कुणाला जागा दिली नव्हती. अंतिम सामना हातातून जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

तो थांबला. मायक्रोफोन उजवीकडे धरला.

गोल झाला. मैदान उसळलं. अर्नॉल्डने ओठ मिटून घेतले.

हेडफोनमध्ये मॉइराने श्वास घेतला. आता ती ओरडणार.

ती हसली. बारीक, घरच्या माणसाच्या थट्टेला हसावं तसं.

"तू बोलू नकोस," ती म्हणाली. "त्याचं होऊ दे."

अर्नॉल्डने हेडफोन कानाशी घट्ट दाबला. गर्दी आणि पाऊस. दुसरं काही नाही.

शेजारी जॅनेल मान डोलावत होती, उजवीकडच्या खुर्चीकडे बघत. पिशवी तिने उचलून मांडीवर घेतली होती.