शर्वरीची बाही

जाणती चादर आली आणि स्नूकरच्या पंचांचं निम्मं काम हलकं झालं. टेबलाच्या हिरव्या कापडाखाली केसाहून बारीक तंतूंचं जाळं असायचं. चुकून कुठला चेंडू तसूभर सरकला, तरी त्याला कळायचं आणि टेबलाची कड तांबडी व्हायची. खेळाडूनं आपणहून हात वर करून ‘माझा धक्का लागला’ म्हणायची जुनी रीत मग मोडलीच. आपण कशाला बोलायचं? टेबल बोलतंय की!

मुकुंद शेवड्यांना ती चादर डोळ्यांसमोर नको असायची. एकेकाळचे राष्ट्रीय विजेते, आता टीव्हीवर समालोचन करायचे. आज नाशिकच्या अंतिम सामन्यात त्यांचीच शिष्या शर्वरी खेळत होती, लहानपणापासून हाताखाली वाढलेली. समालोचकानं कुणाची बाजू घ्यायची नसते हो, पण जीव ऐकतोय कुठं?

शेवटचा, निर्णायक डाव. लांबच्या लाल चेंडूसाठी शर्वरी टेबलावर ओणवी झाली. सगळे तो लाल बघत होते, शेवडे सवयीनं तिची बाही बघत होते. आणि ती बाही काळ्या चेंडूला लागली! कपड्याचा नुसता स्पर्शही फाउलच. काळा जागच्या जागी डुलला आणि थांबला. सरकला नाही, म्हणून चादरीला कळलं नाही. लाल मात्र जाळीत गेला, टाळ्या पडल्या.

शेवड्यांनी माइक हातानं झाकला. सांगावं तर पोरीच्या तोंडचा घास जातो, न सांगावं तर आजवर तिला शिकवलं ते काय?

“सर, बोला ना! काय फटका होता!” कानातल्या यंत्रात निर्माती दीप्ती ओरडली.

“थांब गं जरा.”

शर्वरी लहान असताना त्यांनीच तिला दटावलं होतं, ‘पंचाला दिसलं नाही म्हणून काय झालं? आपले डोळे फुटलेत का?’ आठवत असेल का तिला?

शर्वरीनं हात वर केला. “फाउल. माझी बाही लागली काळ्याला.”

पंच गोंधळले. “टेबल दाखवत नाहीये, मॅडम. नियमानं टेबलाचंच खरं. खेळा पुढं.”

शर्वरीनं मान हलवली. समोर सोपा गुलाबी चेंडू होता. तिनं तो जाळीत न घालता पांढरा त्याला मुद्दाम नुसता टेकवला, आपली पाळी सोडली आणि जाऊन खुर्चीत बसली. टेबल प्रतिस्पर्धी नुपूरपुढं मोकळं पडलं होतं.

शेवड्यांनी माइकवरचा हात काढला. “मंडळी, बाही लागली होती, मीही पाहिलं. टेबलाला कळलं नाही, पण माझ्या पोरीनं सांगितलं.” ‘माझ्या पोरीनं’ म्हणून गेले, आणि दीप्तीनंही त्यांना टोकलं नाही.

नुपूर जाणत्या चादरीवरच खेळायला शिकलेली. करंडक हाताशी आला होता, तरी तिनं क्यू उचलला नाही. ती शर्वरीच्या खुर्चीजवळ गेली आणि खरोखरच न कळून तिनं विचारलं,

“टेबल गप्प होतं ना ताई? मग तू का बोललीस?”