वनूमावशीची जागा

पटलं तर पटलं. माझ्या आईनं आयुष्यात एकच गोष्ट देवावर हात ठेवून सांगितली, ती ही.

साल १९३३. पौषातला बुधवार. दिवेलागणीच्या आधीचा बायकांचा खेळ. जागा, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं, दौलतगंजच्या अंगाचं एक थिएटर. नाव लिहीत नाही. वारस अजून तिथेच राहतात.

थिएटर चालवायचे माझे आजोबा, दिनकरराव. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. माझी आई कुमुदिनी त्यांची धाकटी लेक, तेव्हा नुकतं लग्न ठरलेली.

तो काळ मूकपटांचा होता, म्हणजे संपत आलेला. मुंबई-पुण्याला चालून, मग इंदूरला झिजून, शेवटी रिळं आमच्याकडे यायची. ओरखड्यांनी भरलेली. पडद्यावर नेहमी पाऊस पडतोय असं वाटायचं. तरी लोक यायचे. पुढे पेटी-तबला वाजायचा. आणि वर, बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे, बायकांचा वर्ग.

तिथे वनूमावशी बसायची.

वनमालाबाई. नया बाजारात एका खोलीत राहणारी एकटी विधवा. पडद्यावर अक्षरांची पाटी आली की ती बायकांना मराठीत वाचून दाखवायची. आधी हातातला अडकित्ता कठड्यावर दोनदा आपटायची. टक… टक… की सगळ्या गप्प. मग तिचा आवाज. नुसतं वाचायची नाही, मधूनच ओवी जोडायची…

*मुकी बाई पडद्यात, ओठ तिचे हलती,*
*माझिया गं तोंडाने सुखदुःख बोलती.*

फक्त मरणाची पाटी ती कधी वाचत नसे. वर्गात नव्या नवऱ्या असत, पोटुशा असत. अशा बायांच्या कानात मरण घालायचं नाही, असा तिचा नेम. ती पाटी आली की अडकित्ता एकदाच वाजायचा.

टक.

आणि मावशी गप्प.

बायका समजायच्या. सगळ्यांचे पदर एकदम डोक्यावर यायचे.

मग बोलपट आला.

मुंबईत लोक तिकिटासाठी मारामाऱ्या करू लागले. झांशीला यंत्र बसलं, आग्र्याला बसलं. आमचे लोक पडावच्या स्टेशनावरून गाडी पकडून झांशीला बोलपट बघायला जाऊ लागले. मुंबईत मूकपट काढणंच बंद होत चाललं. नाना दाखवणार काय? आसपासच्या गावांतली कितीतरी थिएटरं त्या वर्षी धान्याची कोठारं झाली.

नानांनी आजीच्या पाटल्या मोडल्या आणि यंत्र आणलं. पण बोलपटाचं भाडं असं, की गल्ल्यातला मोठा वाटा मुंबईलाच जायचा. म्हणून त्यांनी पेटीवाला काढला. तबलजी काढला.

आणि वनूमावशीला सांगितलं, “मावशी, अब तो पडदाच बोलणार. तुमचं काय काम?”

“पगार नको रे दिनकरा. नुसती बसू दे. घरी भिंतीच आहेत.”

“ती जागा तिकिटाची आहे, मावशी.”

ती उठली. अडकित्ता कनवटीला खोवून जिना उतरली. नानांनी तिचं स्टूल तिकिटाच्या खिडकीत नेलं आणि वर तिच्या जागी खुर्च्या मांडल्या.

त्याच थंडीत ती गेली. खोलीचं दार शेजाऱ्यांनी तोडलं म्हणे. अडकित्ता मुठीतून सुटेना, तसाच तिच्याबरोबर सरणावर गेला.

बोलपटाचा पहिला बायकांचा खेळ भरून गेला. दिवे मालवले. पडद्यावरची राणी आता बोलणार, म्हणून सगळ्या पुढे सरकल्या…

टक… टक…

आणि यंत्राचा आवाज बंद.

राणीचे ओठ हलत होते. आवाज नाही. काळोखात कठड्याजवळून कुणीतरी श्वास घेतला… बोलण्याआधी घेतात तसा.

“अगं बाई,” नेहमी येणाऱ्या मंदाताई पुटपुटल्या, “मेली तरी बिनतिकिटाची आली की ही!”

कुणी हसलं नाही.

क्षणभरानं आवाज परत आला. यंत्रावर कान्होजी होता. तो शपथेवर सांगे, “नानासाहेब, मशीन एकदम ठीक थी. मी हातही नाही लावला.”

पुढच्या बुधवारी अर्ध्या बायका आल्या. पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या बुधवारी चिकामागे रिकाम्या खुर्च्या.

नाना खचले. पुरुष एकदा बघून जात. बायका मात्र लेकी-सुना, शेजारणी घेऊन तोच खेळ पुन्हा पुन्हा बघत. थिएटर त्यांच्यावर उभं होतं. झांशीचा एक व्यापारी थिएटर मागत होताच. बायका आल्या नाहीत तर ते त्याच्या घशात जाणार, आणि आईचं लग्न राहणार.

मग नानांनी घरोघर निरोप धाडले. “चिकामागे मी स्वतः बसतो. भूत असेल तर आधी मला धरेल. या.”

बायकांत पुरुष बसणार! पण नाना वयानं मोठे, सगळ्यांना काका-मामासारखे. बायका आल्या. थोड्या भीतीनं, पुष्कळशा कुतूहलानं.

नानांनी खिडकीतलं ते स्टूल वर मागवलं. कठड्याला लावलं. त्यावर बसले. शेजारी माझी आई, त्यांचा हात धरून.

“भिऊ नकोस, कुमे. पडद्यावर तर लगीन आहे आज.”

खरंच लग्न होतं. सनई, अक्षता, हसणं. निम्मा खेळ झाला. काही नाही. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मंदाताईंनी पानाचा डबा उघडला.

“देख लिया?” नाना मोठ्यानं म्हणाले. “कुणी नाहीये. मेलेलं माणूस…”

टक.

एकदाच.

आई सांगायची, तो आवाज नानांच्या अगदी बोटांजवळून आला. पण त्यांचा एक हात तिच्या हातात होता… आणि दुसरा मांडीवर.

सनई थांबली. यंत्राची घरघरसुद्धा ऐकू येईना. पडद्यावर वरात मुकी चालत राहिली.

पडद्यावर कुणीच मरत नव्हतं.

तरी काळोखात सळसळ झाली. सगळ्या बायकांनी पदर डोक्यावर घेतले होते.

आईनं नानांकडे पाहिलं. ते बोलत होते. ओठ हलत होते. भराभर, जीव तोडून.

आवाज नव्हता.

दिवे लागले. कान्होजी धावत आला. वैद्य आले, मग डॉक्टर आले. जीभ ठीक, घसा ठीक. कुणाला काही सापडलं नाही.

नाना त्यानंतर कितीतरी वर्षं जगले. एक शब्द बोलले नाहीत.

थिएटर झांशीवाल्याकडे गेलं. त्याच्या हाती ते तुफान चाललं. चिकामागे बायका मावत नसत. टकटक पुन्हा कधी झाली नाही. आईचं लग्न पुढे उशिरा झालं, गाजावाजा न करता.

मला स्वतःला नाना अंधुक आठवतात. ओसरीच्या खांबाला टेकलेले. ओठ सारखे हलत. पाटी मागितली नाही, की खडू धरला नाही. लिहून द्या म्हटलं तर नाही म्हणून मान हलवायचे. नुसते आमच्या तोंडाकडे बघत, वाट बघितल्यासारखे.

आई म्हणायची, “ते काहीतरी सांगत होते गं शेवटपर्यंत. वाचून दाखवणारी कुणी राहिली नव्हती.”

आई गेली त्यालाही आता खूप दिवस झाले.

परवा संध्याकाळी मी एकटीच टीव्ही बघत होते. कसलीशी मालिका. लग्नाचाच प्रसंग होता. मध्येच आवाज गेला. रिमोट टेबलावर होता, माझ्यापासून लांब.

आणि खुर्चीच्या हातावर… माझ्या बोटांजवळ…

एकदाच.

मी काही विचार केला नाही. हात आपोआप वर गेला, पदर डोक्यावर आला.

आवाज लगेच परत आला. मालिका चालू राहिली.

तेव्हापासून मी घरात एकटी असले तरी मोठ्यानं काहीतरी बोलत असते.

आवाज येतोय ना, एवढंच बघायला.